कागदावर कमी कमावणाऱ्याने घर घ्यायचंच नाही का?

उलटी_फ्रेम

अकरा वर्षं स्वतःचा धंदा करतोय. जाहिरातींसाठी फोटो काढतो. आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही. परवा गृहकर्जासाठी गेलो, तर समोरच्या बाईंनी दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं चाळली, एका आकड्यावर पेन टेकवलं आणि म्हणाल्या, "यात बसत नाही." तो आकडा निव्वळ नफ्याचा. उलाढाल 100 धरली, तर स्टुडिओचं भाडं, सहायकांचे पैसे, गाडी, कॅमेऱ्यांचा घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) वगैरे वजा जाता 22 उरतात. माझा अकाउंटंट दरवर्षी हा आकडा जमेल तितका खाली आणतो आणि मी त्याला शाबासकी देतो. वजावटी सगळ्या कायदेशीर, एकही बिल खोटं नाही.

गंमत अशी की सध्या जे घरभाडं भरतोय ते या गृहकर्जाच्या हप्त्यापेक्षा जास्त आहे. जास्त रक्कम दर महिन्याला भरतोय, पण कमी रक्कम भरायची माझी ऐपत नाही म्हणे! करासाठी बनवलेला कागद कर्जासाठी का वापरायचा? खात्यात काय येतं-जातं ते बघा की.

दोन_अधिक_दोन

कारण त्या कागदावर सही तुमची आहे. करखात्याला सांगायचं "हो, एवढेच उरतात" आणि बँकेला सांगायचं "अहो, तसे बरेच उरतात". दोन्हीपैकी एक तरी खोटं आहे. नोकरदाराला हा खेळ खेळताच येत नाही, त्याचा कर हातात पगार पडायच्या आधीच कापलेला असतो. अकरा वर्षं कर वाचवलात, त्याचं बिल आता आलंय. राग बँकेवर कशाला?

पगारी_नाही

@दोन_अधिक_दोन, नोकरदाराचं एवढं कौतुक नको. त्याच्या तीन महिन्यांच्या स्लिपा पुरतात, आणि एका ईमेलवर त्याची नोकरी जाऊ शकते. माझी तीस गिऱ्हाइकं आहेत, सगळी एकाच दिवशी सोडून जाणार नाहीत. तरी जोखीम माझी जास्त!

दोन_अधिक_दोन

त्याच्या स्लिपेवर सही तिसऱ्याची असते. तुमच्या आकड्यावर तुमचीच. फरक तिथे आहे.

जुनी_फाईल

बरीच वर्षं कर्जाच्या फायली तपासण्यात गेली, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचणारं लिहितो.

धागाकर्ते, तुमचे 22 काढताना घसारा किती वजा झालाय ते आधी बघा. घसारा हा कागदावरचा खर्च, त्या वर्षी तेवढे पैसे खिशातून गेलेले नसतात. तपासणारा जाणता असेल तर तो आकडा नफ्यात परत मिळवतो. एकदाच झालेलं नुकसान किंवा पुन्हा न होणारा मोठा खर्चही पुराव्यासकट दाखवला तर कधी कधी मिळवला जातो. पण भाडं, पगार, पेट्रोल हे गेलेले पैसे, ते कितीही कायदेशीर असले तरी परत येत नाहीत. आणि यंत्रं हप्त्यावर घेतली असतील, तर तो हप्ता तुमच्या देण्यांत धरला जातो. म्हणजे एका हाताने मिळवलेलं दुसऱ्याने वजा.

दुसरं, दोन वर्षांची सरासरी. पहिल्या वर्षी 30 आणि दुसऱ्या वर्षी 50, तर बऱ्याच ठिकाणी 40 धरतात. उलटं झालं, आधी 50 आणि मग 30, तर 40 नाही, 30 धरतात.

आणि एक: अर्ज करायच्या महिनाभर आधी सुधारित विवरणपत्र भरून नफा फुगवू नका. तारीख सगळ्यांना दिसते. वाढीव कर खरंच भरला का, हा पहिला प्रश्न येतो, आणि मग बाकीची फाईलही भिंगाखाली जाते.

पगारी_नाही

वाह. चढलो तर सरासरी, पडलो तर तळ. आणि याला म्हणे मूल्यांकन.

चौथा_मजला

"खाती बघून कर्ज द्या" हा प्रयोग जगात होऊन गेलाय, आणि त्याहून ढिला. अमेरिकेत उत्पन्न नुसतं अर्जात लिहायचं, पडताळणी नाही, अशी कर्जं मुळात धंदेवाल्यांच्या सोयीसाठी निघाली. पुढे नोकरदारांनाही सर्रास मिळू लागली. लोकांनी त्यांना नाव ठेवलं "लायर लोन", म्हणजे खोटारड्यांचं कर्ज. 2008 च्या आर्थिक संकटाला आणखी बरीच कारणं होती, पण या कर्जांचा हात मोठा होता. 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्यानंतर कर्ज देणाऱ्याने परतफेडीची क्षमता तपासायचीच, असा नियम आला, तो जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटननेही उत्पन्नाचा पुरावा न घेता गृहकर्ज देणं बंद केलं. तुमच्या समोरच्या बाईंच्या पेनामागे हा सगळा इतिहास आहे.

उलटी_फ्रेम

पण मी "पुरावा बघू नका" कुठे म्हणतोय? उलट जास्त बघा म्हणतोय! खोटं लिहिणाऱ्यांनी आग लावली आणि चटके मला.

जुनी_फाईल

तशी सोय काही देशांत आहे. अमेरिकेत 12 किंवा 24 महिन्यांची बँक स्टेटमेंटं बघून कर्ज देणारे आहेत. मात्र जमा झालेले सगळे पैसे उत्पन्न धरत नाहीत. धंद्याचं खातं असेल तर बऱ्याचदा निम्मे खर्चापोटी सोडून देतात. एका खात्यातून दुसऱ्यात फिरवलेले तर मुळीच नाहीत. व्याज चढं आणि स्वतःचा वाटाही जास्त घालावा लागतो.

चढं म्हणजे किती, याचा अंदाज घ्या. 20 वर्षांचं कर्ज, 9 टक्क्यांऐवजी 10 टक्क्यांनी मिळालं, तर कर्जाच्या दर 100 मागे एकूण जवळजवळ 16 जास्त जातात. वाचवलेला कर या आकड्याशेजारी ठेवून बघा.

साधी_वही

मी ठेवून बघितलं होतं. माझं शिवणकामाचं युनिट आहे. घर घ्यायचं ठरल्यावर दोन वर्षं वजावटींचा हात आखडता घेतला. प्रत्येक प्रवास, प्रत्येक जेवण धंद्याच्या नावे टाकणं बंद केलं, नवी मशीन पुढे ढकलली. कर भरताना अक्षरशः पोटात दुखलं. धंद्याचं आणि घरचं खातं वेगळं केलं, ते तर आधीच करायला हवं होतं. तिसऱ्या वर्षी कर्ज साध्या दराने मिळालं. पण त्या दोन वर्षांत घरांचे भाव वाढले आणि हवं होतं ते घर हातचं गेलं, हेही लिहायलाच हवं. शहाणपणा केला की नाही, अजून कळलेलं नाही.

दोन_अधिक_दोन

@जुनी_फाईल, तुमच्या घसाऱ्यावर माझा आक्षेप आहे. कॅमेरा चार-पाच वर्षांत बदलावाच लागतो. आज पैसे गेले नाहीत, तरी तेव्हा जाणार आहेत. घसारा मिळवून मोठं कर्ज दिलंत, आणि कॅमेरा बदलायच्या वर्षी हे गृहस्थ काय करणार? हप्ता भरणार की कॅमेरा घेणार? कॅमेरा नाही घेतला तर हप्ता कुठून येणार?

जुनी_फाईल

बरोबर आहे. इमारतीचा घसारा आणि कॅमेऱ्याचा घसारा एकाच मापाने मोजायला नको. पण फायलीत सहसा एकाच मापाने मोजतात.

पगारी_नाही

म्हणजे जिथे नियम आमच्या बाजूने आहे तिथेही तो चुकीचाच. चालू द्या.

उलटी_फ्रेम

काल रात्री बसून हिशेब केला. नफा 22, घसारा 18, झाले 40. लेन्सा आणि दिवे हप्त्यावर आहेत, त्याचे वर्षाला 9 गेले. उरले 31. बाईंना 36 हवेत. दोन_अधिक_दोन यांचा कॅमेऱ्याचा मुद्दा मोजला तर 31 सुद्धा नाहीत, पण तो मी मोजलेला नाही आणि कृपया बाईंनाही सांगू नका.

कमी पडलेले पाच बायकोच्या पगारातून सहज निघतात. तिला सहकर्जदार केलं की काम झालं, असं तीच म्हणतेय. अकरा वर्षं तिला सांगत आलोय की तुझ्या नोकरीपेक्षा माझा धंदा भक्कम आहे.

@पगारी_नाही, स्लिपा तीनच लागतात ना?