मदत हवी आहे: टर्कीच्या शिकारीसाठी पहिली शॉटगन, १२ गेज की २० गेज? आणि काडतुसं कुठली?

डावरा_पिट्सबर्गकर

नमस्कार मंडळी, पेनसिल्व्हेनियात राहतो, नऊ वर्षं झाली. ऑफिसातला एक कलीग दर मे महिन्यात टर्कीच्या (मोठा जंगली पक्षी) शिकारीला जातो, गेल्या वर्षी मला नुसतं बघायला घेऊन गेला. पहाटे अंधारात झाडाला पाठ टेकून बसलो, पार्श्वभाग गारठलेला, थर्मासमधली कॉफी संपलेली, आणि उजाडायच्या जरा आधी समोरच्या टेकडीवरून नर टर्कीचा तो गॉबल, म्हणजे ओरडणं, आला ना... गावाकडे पावसाच्या तोंडावर मोर ओरडला की कसं होतं तसंच, फक्त आवाज घोगरा. कोंबडा शेवटपर्यंत दिसलाच नाही, ओरडत ओरडत पलीकडच्या उतारावरून निघून गेला, पण मी कामातून गेलो. यंदा स्वतःची बंदूक घ्यायचीच.

बंदुकीतलं माझं ज्ञान म्हणजे आजोबांची बारा बोअरची (इथल्या भाषेत १२ गेज, म्हणजे नळीचं माप) दुनळी. उसात डुकरं घुसायची म्हणून लायसन होतं, मला हात लावू द्यायचे नाहीत, खडकीच्या फॅक्टरीची काडतुसं मोजून डब्यात ठेवणं एवढंच माझं काम. पाखराला चार नंबर, हे त्यांचं वाक्य पाठ आहे. इथे दुकानात गेलो तर डोकं भंजाळलं. पावणेतीन इंच, तीन इंच, साडेतीन इंच, शिसं, टंगस्टन, पाच नंबर, नऊ नंबर, आणि वर तो चोक नावाचा प्रकार.

माझी भानगड अशी की मी डावखुरा आहे, बजेट सगळं मिळून ५०० डॉलर, आणि बायकोलाही यायचंय, तिची उंची पाच फूट एक इंच. कलीगने त्याच्या १२ गेजमधून साडेतीन इंची काडतुसाचे दोन बार काढायला दिले, खांद्यावर असा काळानिळा डाग उमटला की आठवडाभर सीटबेल्ट लावताना आई आठवायची. तो म्हणतो टर्कीला एवढं लागतंच. खरंय का? सध्या सेकंडहँड रेमिंग्टन ८७० (१२ गेज) आणि नवी मॉसबर्ग ५०० (२० गेज) यात अडकलोय. शिशाची काडतुसं परवडतायत, टंगस्टनवाली पाचाची डबी साठ डॉलर म्हणाला, म्हणजे एका बाराला बारा डॉलर!! कोणी सांगेल का?

उगाच_एक

टर्की कॉस्टकोच्या दुकानात मिळते की राव.

जुना_मिसुरीकर

बंदुकीचं नंतर बघू, आधी हे सांग, व्हिसा कुठला? ग्रीन कार्ड झालंय का?

डावरा_पिट्सबर्गकर

एच-वन. ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे, नातवंडांना मिळेल बहुतेक. पण त्याचा काय संबंध?

जुना_मिसुरीकर

सगळा संबंध तिथेच आहे बाबा. फेडरल कायद्याने एच-वनसारख्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगता येत नाही. त्यातून सुटायची आपल्यासारख्यांची वाट म्हणजे कुठल्याही अमेरिकन राज्याचं चालू हंटिंग लायसन. म्हणजे आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन, मग दुकान. दुकानात बंदूक घेण्याचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना लायसन आणि आय-९४ चा (देशात प्रवेशाच्या नोंदीचा) नंबर दोन्ही लागतात. उसनी बंदूक असली तरी नियम तोच, त्यामुळे गेल्या वेळी ते दोन बार लायसन नसताना काढले असशील तर इथे लिहू नकोस, आणि परत करू नकोस. आणखी एक, तुमच्याकडे लायसनचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं. तुझा टर्कीचा सीझन मे अखेरीला संपणार, तू खुशीत बंदूक कपाटात ठेवणार, आणि १ जुलैला रिन्यू केलं नसेल तर तीच बंदूक घरात असणं गुन्हा. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी हे महागात पडतं. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचार, माझं ऐकून सोडून देऊ नकोस. वहिनी एच-फोरवर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असतील तर त्यांनाही हेच, त्यांचं स्वतःचं लायसन हवं.

मॅडिसनची_मावशी

वरचं आधी दोनदा वाच, मग माझं.

साडेतीन इंचाची काही गरज नाही. टर्कीला अंगावर मारत नाहीत, डोकं आणि मान एवढंच लक्ष्य, पिसं संपून लाल कातडी सुरू होते तिथे नेम. म्हणून छर्रे एका ठिकाणी दाट पडणं महत्त्वाचं. धक्क्याची भीती एकदा बसली की माणूस चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतो, मग नळीत काहीही भरा.

तुम्ही डावखुरे, तर मॉसबर्ग घ्या. तिची सेफ्टी वर मागच्या बाजूला अंगठ्याखाली असते, कुठलाही हात चालतो. ८७० ची सेफ्टी चापाच्या मागे आडवी, उजव्या हातासाठी केलेली. रिकामं काडतूस मात्र दोन्हीत उजवीकडून उडतं, तुमच्या नाकासमोरून जाईल, सवय होते. दोघांना एकच बंदूक हवी असेल तर ५०० चं सुपर बँटम मॉडेल २० गेजमध्ये बघा, दस्त्याची लांबी कमीजास्त करता येते. बंदूक अंगाला बसत नसेल तर बाकी सगळं फुकट.

काडतुसं. आजोबांचा चार नंबर डोक्यातून काढा, भारतातले नंबर ब्रिटिश पद्धतीचे, तिकडचा चार म्हणजे इथला जवळजवळ पाच. नंबर वाढला की छर्रा बारीक होतो. तुमच्याकडे शिशात किंवा टंगस्टनमध्ये चार नंबरहून मोठा छर्रा चालत नाही, पाच किंवा सहा घ्या. २० गेजच्या तीन इंची काडतुसात सव्वा औंस शिसं धरलं तर पाच नंबरचे दोनशेच्या आसपास छर्रे बसतात. टंगस्टन शिशापेक्षा खूप जड, घनता १८ विरुद्ध ११, म्हणून नऊ नंबरचा बारीक छर्राही आत घुसतो, आणि दीड औंसात पाचशेच्या वर बसतात. २० गेजला चाळीस यार्डांपर्यंत नेणारं हेच. पण तुम्ही पहिल्याच वर्षी चाळीस यार्डांवर मारू नका. तीसच्या आत बोलवा, शिसं पुरतं.

चोक म्हणजे छर्रे दाट राहावेत म्हणून नळीच्या तोंडाला बसवायची अरुंद नळी, तो बंदुकीच्या कंपनीप्रमाणे घ्या, रेमिंग्टनचा मॉसबर्गला बसत नाही. आणि पॅटर्न, म्हणजे छर्रे कसे पडतात ते, बघितल्याशिवाय जंगलात जायचं नाही. चाळीस यार्डांवर मोठा कागद, दहा इंचांचं वर्तुळ, आत शंभरेक भोकं पडली तर ती तुमची रेंज. नाही पडली तर पाच-पाच यार्ड पुढे सरका. नेम आधी स्वस्तातल्या टार्गेट काडतुसांवर जुळवा, महागडी शेवटी दोनतीन.

आणि हो, २० गेजचं काडतूस पिवळं का असतं माहितीये? १२ गेजच्या नळीत ते घसरत जाऊन पुढे अडकतं, मागून कोणी १२ चं भरून बार काढला की नळी फाटते. तुमच्या कलीगची १२ आहे ना, एकाच बॅगेत दोन्ही ठेवू नका.

उगाच_एक

मावशी, तुम्ही नक्की मावशीच ना

जुना_मिसुरीकर

मावशींनी सगळं सांगितलं, मी दोनच. मॅगझिनमधला (काडतुसांच्या नळीतला) जास्त काडतुसं मावू न देणारा लाकडी प्लग काढू नकोस, तुमच्याकडे एकूण तीनच काडतुसांची परवानगी आहे. आणि कपड्यांत लाल, पांढरा, निळा काही नको, नराचं डोकं याच रंगांचं. रुमालसुद्धा नको. आवाजाच्या दिशेने चालत जायचं नाही, तुमच्याकडे स्प्रिंगला बसून बोलवूनच मारायचा नियम आहे, आणि बरेचदा तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचाच असतो.

डावरा_पिट्सबर्गकर

अपडेट. कोर्स झाला, दोघांचीही लायसन्स आली, मग सुपर बँटम घेतली. काल रेंजवर गेलो. चाळीस यार्डांवर शिसं पाच नंबर, वर्तुळात भोकं ४१, बायकोने पेनने टिकमार्क करत मोजली, नशीब. तीस यार्डांवर ११८. आणि सगळं जरा डावीकडे वर जातंय, ते माझं की बंदुकीचं कळेना, कारण तिने मारलं तेव्हा मधोमध. म्हणजे माझंच. खांदा शाबूत आहे. टंगस्टनची एक डबी घ्यायचा मोह होता, पण तीस यार्डांच्या पुढे मारायचंच नाही असं ठरवलंय, त्या साठ डॉलरमध्ये बूट येतील.

आता एकच राहिलं. बॉक्स कॉल (टर्कीचा आवाज काढायची लाकडी पेटी) घरात वाजवला की शेजारचा कुत्रा वेडापिसा होतो, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाजवला तर सिक्युरिटीवाला येऊन काचेवर टकटक करून गेला. तुम्ही लोक प्रॅक्टिस करता कुठे?