'युवराज कुंग' की आणखी काही?

प्रश्न : एका लेखाच्या भाषांतरात मी 'प्रिन्स कुंग'ला 'युवराज कुंग' केलं. संपादकांनी 'राजपुत्र' करून समासात प्रश्नचिन्ह टाकलंय. माणूस म्हणजे ईशिन, चीनच्या मांचू घराण्यातल्या ताओक्वांग बादशहाचा सहावा मुलगा, जन्म १८३३. काय लिहू?

– युवराज तर अजिबात नको. युवराज म्हणजे जाहीर केलेला वारस. १६७४ च्या राज्याभिषेकात संभाजीराजे झाले तसा. मांचू दरबारानं ती पद्धतच मोडीत काढली होती. खांगशी बादशहानं एका मुलाला युवराज नेमलं, १७०८ साली काढलं, परत नेमलं, १७१२ मध्ये पुन्हा काढलं. तोवर भावाभावांत जुंपली. पुढच्या युंगचंग बादशहानं वारसाचं नाव पेटीत बंद करून महालातल्या फलकामागे ठेवायला सुरुवात केली. १८५० मध्ये ताओक्वांग वारला, पेटी उघडली, तर आत दोघांची नावं : चौथा मुलगा वारस, सहावा 'छिनवांग' (हा एक दरबारी हुद्दा). म्हणजे ज्याचं युवराजपद हुकलं त्यालाच आपण युवराज म्हणतोय!

– मग शहाजादा? संभाजीराजांकडे आलेल्या अकबराला आपण शहाजादाच म्हणतो.

– बादशहाचा मुलगा या अर्थी चालेल. पण छिनवांग (कृपया 'क्विनवांग' लिहू नका) हे नातं नाही, हुद्दा आहे. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंचांशी लढलेला सेंगे रिंछेन हाही छिनवांग, आणि तो होता मंगोल. त्याला कुठला शहाजादा म्हणणार? सहसा हा हुद्दा दर पिढीला एक पायरी खाली येई. मोजक्याच घराण्यांत तो जसाच्या तसा चाले, त्यांना 'लोखंडी टोपीवाले' म्हणत. कुंग त्यांतलाच, त्याच्यामागे नातू छिनवांग झाला. आपल्याकडे प्रतिनिधी, सेनासाहेब सुभा ही पदं भाषांतर न करता लिहितात. तसंच 'कुंग छिनवांग' लिहा, पहिल्यांदा येईल तिथे खुलासा द्या. 'कुंग' हा किताब, अर्थ 'अदबशीर'.

– टोपीवरून आठवलं. १८६० मध्ये बादशहा पळाला आणि पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) तहाची बोलणी ईशिनच्या गळ्यात पडली. पुढे परराष्ट्र खातंही त्याच्याकडेच. लोकांनी नाव ठेवलं 'कुएइत्स ल्यू'. कुएइत्स म्हणजे सैतान, परदेशी माणसासाठीची शिवी. ल्यू म्हणजे सहा. मी 'सहावा टोपीकर' करीन. जुन्या मराठीत गोऱ्यांना टोपीकरच म्हणत.

– टोपीकरमध्ये ती शिवी उतरत नाही. 'सहावा सैतान' बरं.

प्रश्नकर्ती : 'कुंग छिनवांग' ठेवते, आणि 'सहावा सैतान'सुद्धा. शेवटची शंका. त्याचं पेकिंगमधलं घर, जे आधी हशेन नावाच्या बड्या अधिकाऱ्याचं होतं, त्याला राजवाडा म्हणू का?

– नुसता वाडा म्हणा. चिनीत ते 'वांगफू'. बादशहाच्या महालाला शब्द वेगळा, आणि गंमत म्हणजे त्याचाही उच्चार 'कुंग'च.