मदत हवी आहे: पुरवठादाराचा आणि आमचा पाण्याचा आकडा जुळत नाही (नागपूर)

बुटीबोरी_इन्स्ट्रु
मंडळी, नागपूर भागातल्या एका कारखान्याला प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपलाइनने मिळतं. भांडेवाडीच्या सांडपाणी प्रकल्पाचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, त्याच धर्तीची व्यवस्था. एकाच लाइनवर दोन इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर, एक पुरवठादाराचा आणि एक आमचा. पुरवठादाराकडून रोज सीएसव्ही फाईल येते: १५ मिनिटांची एक ओळ, दिवसाच्या ९६ ओळी. आता दोन्हींचा डेटा एका डेटाबेसमध्ये आणून त्यावरूनच बिल काढायचं ठरलंय आणि तिथेच गाडी अडली.

आमच्या मीटरची रेंज ० ते १००० घनमीटर प्रति तास, ४-२० मिलिअँपिअर सिग्नल पीएलसीला (यंत्रणा चालवणारा औद्योगिक संगणक). पीएलसी दर सेकंदाला प्रवाह भागिले ३६०० करून ३२ बिटच्या रिअल टॅगमध्ये (अपूर्णांकासह आकडा साठवणारी जागा) मिळवतो. प्रवाह ४७० ते ५३० च्या दरम्यान. पुरवठादाराचा रोजचा आकडा ११,४०० ते १२,५०० घनमीटर, आमचा मात्र कायम १०,८०० च्या आसपास. टोटलायझर (हीच चालती बेरीज) सध्या १४ लाखांवर आहे. मागे तो शून्य केला तेव्हा साधारण तीन आठवडे आकडे जुळले, मग फरक पडायला लागला. दोन्ही मीटरचं कॅलिब्रेशन झालंय, चालू प्रवाह एक टक्क्याच्या आत जुळतो. अर्थिंग, लूप, स्केलिंग तपासून झालं. आणखी काय बघावं?

मीटरवाला
भाऊ, मीटरला हात लावू नका. दोष बेरजेत आहे, आणि तुमच्या १०,८०० नेच तो उघड केलाय.

३२ बिटच्या रिअलमध्ये आकड्यासाठी २४ बिटच मिळतात. बेरीज जितकी मोठी, तितकी तिची सर्वांत लहान पायरी मोठी. १०,४८,५७६ ते २०,९७,१५२ या टप्प्यात पायरी ०.१२५ ची असते. ५०० च्या प्रवाहाला सेकंदाला ०.१३९ घनमीटर मिळवायचे असतात, पण पीएलसी जवळच्या पायरीवर नेतो आणि ०.१२५ च मिळवतो. म्हणजे ताशी ४५०, दिवसाला १०,८००. या टप्प्यात प्रवाह २२५ पेक्षा जास्त आणि ६७५ पेक्षा कमी असला की आकडा तोच येणार.

पुढे आणखी बिघडेल. २०,९७,१५२ ओलांडलं की पायरी ०.२५ ची होते आणि ५०० च्या प्रवाहाला बेरीज ८० टक्के जास्त धावते. ४१,९४,३०४ नंतर ती जागेवरच थांबते. शून्य केल्यावर तीन आठवडे बरं का चाललं, तेही यातच आहे: ५०० च्या प्रवाहाला २,६२,१४४ गाठायला सुमारे २२ दिवस लागतात, आणि १० टक्क्यांची तूट तिथून सुरू होते.

खात्री करायला टोटलायझरचा दर मिनिटाचा ट्रेंड काढा. प्रवाह हलत असताना बेरीज मिनिटाला नेमकी ७.५ ने वाढत असेल तर निदान पक्कं.

उपाय: पीएलसीत ६४ बिटचा रिअल असेल तर तो वापरा. नसेल तर अपूर्णांक वेगळ्या लहान रिअलमध्ये साठवा. तो १ किंवा जास्त झाला की त्यातून १ वजा करा आणि ३२ बिटच्या पूर्णांकात १ मिळवा. सगळ्यांत चांगलं म्हणजे मीटरचा स्वतःचा टोटलायझर मॉडबसवरून (उपकरणांमधल्या डेटाच्या देवाणघेवाणीची पद्धत) वाचणं, किंवा मीटरचा पल्स (ठरावीक पाण्यामागे एक विद्युत ठोका) घेणं, १ पल्स = १ घनमीटर. बिलासाठी पीएलसीची बेरीज वापरूच नये असं माझं ठाम मत आहे.

बुटीबोरी_इन्स्ट्रु
ट्रेंड काढला. मिनिटाला ७.५, अगदी सरळ रेष. पूर्णांकाची पद्धत टाकतोय, मॉडबसची केबलही ओढून घेतो. मनापासून आभार. मॉडबसवर काय सांभाळायचं? आणि पुरवठादाराच्या फाईलमध्ये काय मागून घ्यावं?

स्काडा_विदर्भ
मॉडबसवर शब्दांचा (१६ बिटच्या तुकड्यांचा) क्रम आधी तपासा. ३२ बिटचा आकडा दोन रजिस्टरमध्ये येतो आणि मीटरगणिक त्यांचा क्रम बदलतो. उलटा वाचला तर १.० च्या जागी जवळजवळ शून्य दिसतं, आणि लोक मीटर बंद समजतात.

फाईलमध्ये नुसता प्रवाह घेऊ नका, प्रत्येक ओळीत टोटलायझरचं वाचन मागा. एखादी ओळ हरवली तरी पुढच्या वाचनातून मधली बेरीज निघते. प्रवाहाच्या सरासरीतून ती कधीच परत मिळत नाही. वेळेसोबत +०५:३० (भारतीय प्रमाणवेळेची खूण) लिहिलेलं हवं. त्यांचा सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर त्यांचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. १५ मिनिटांच्या ओळीवरची वेळ सुरुवातीची की शेवटची, हेही लेखी ठरवा. एकक घनमीटरच ठेवा. एमएलडीत (दशलक्ष लिटर प्रतिदिन) दोन दशांश दिले तर १० घनमीटरच्या आतलं सगळं गळतं. संपर्क तुटला तर शून्य किंवा शेवटचा आकडा भरू नये: रकाना रिकामा, शेजारी दर्जाचा शेरा. दुरुस्त फाईल आली तर जुनी पुसू नका, आवृत्ती क्रमांक लावून दोन्ही ठेवा. बिलाच्या वादात तोच पुरावा.

बुटीबोरी_इन्स्ट्रु
लाइनच्या नकाशाची फाईलही आलीय, पण व्हॉल्व्ह गुजरातेत बारडोलीकडे दिसतात!

स्काडा_विदर्भ
झोन चुकलाय. यूटीएम (नकाशाची पट्ट्यांत विभागलेली निर्देशांक पद्धत) मध्ये पुणे-मुंबई ४३ उत्तर झोनमध्ये येतात, नागपूर ४४ उत्तरमध्ये. लेयरचा (नकाशाच्या थराचा) कोड ईपीएसजी ३२६४३ (ईपीएसजी म्हणजे निर्देशांक पद्धतींची क्रमांक-यादी) असेल, तो ३२६४४ असा नेमून द्या. रूपांतर करू नका, त्याने चुकीची जागाच पक्की होते. मग दोन-तीन व्हॉल्व्ह जागेवर जाऊन जीपीएसने ताडून पाहा.