बाबांची किडनी कमजोर आहे, भावानं परदेशी फळं आणलीत. कोणतं देऊ?

नमस्कार. आम्ही आर्णी तालुक्यातल्या खेड्यात राहतो. बाबा ६८ वर्षांचे, शुगर जुनी, वर्षभरापासून किडनीचा त्रास. मागच्या तपासणीत क्रिएटिनिन ३.१, पोटॅशियम ५.४. डायलिसिस नाही. डॉक्टरांनी केळी आणि नारळपाणी बंद केलं. बाकी फळांचं विचारायचं राहूनच गेलं.

काल लहान भाऊ पुण्याहून मोठ्या हौसेनं ड्रॅगन फ्रूट, किवी, अवोकाडो आणि स्टार फ्रूट घेऊन आला. दुकानदार म्हणे, शुगरवाल्यांना सगळी चालतात. बाबा जन्मभर बोरं-टेंभरं खाणारे, पण पोरानं आणलं म्हणून सकाळपासून दोनदा म्हणाले, "ते चांदणीवालं काप ना." माझा हात होत नाही. लवकर सांगा.

उत्तर १
ताई, ते चांदणीवालं म्हणजे कमरख. एक फोडही देऊ नका, रस तर नाहीच! त्यातलं कॅराम्बॉक्सिन नावाचं विष चांगली किडनी बाहेर टाकते. कमजोर किडनीत ते साचतं आणि मेंदूवर जातं. आधी न थांबणारी उचकी लागते, मग उलट्या, भ्रम, झटके. माणसं दगावलेली आहेत. चुकून खाल्लंच असेल तर उचकीची वाट पाहू नका, डायलिसिसची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.

उत्तर २
दुकानदार शुगरपुरतं बोलला. बाबांचं पोटॅशियम आधीच वाढलेलं, कमजोर किडनी ते नीट बाहेर टाकत नाही, म्हणून तेही पाहायला हवं. अवोकाडोत साखर नावापुरती, पण १०० ग्रॅममध्ये पोटॅशियम सुमारे ४८५ मिलिग्रॅम. बंद केलेल्या केळीत साधारण ३६०. किवीतही ३०० च्या वर. किवीचं क जीवनसत्त्व चांगलं खरं, पण आपल्या पेरूत त्याच्या दुपटीहून जास्त असतं. तरी पेरूही बाबांना नको, त्यात पोटॅशियम ४०० च्या पुढे. सफरचंदात शंभराच्या आसपास, त्याच्या दोन-चार फोडी बऱ्या. ड्रॅगन फ्रूट डॉक्टरांना विचारूनच द्या. लाल गराचं खाल्लं की लघवी लालसर होते, ते रक्तच समजून घरचे घाबरतात.

धागाकर्ती
बाबांनी कमरख खाल्लेलं नाही, भावालाही विचारून खात्री केली. चारही फळं त्याच्याच पिशवीत परत भरली. त्याला वाईट वाटलं, पण दोन्ही उत्तरं त्यानं स्वतः बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करते. आता सफरचंदाच्या दोन फोडी दिल्या. बाबांनी एकदा पिशवीकडे पाहिलं, मग खाल्ल्या.