कोलायटिस: बरं वाटतंय, गोळ्या सोडू का?

प्रश्न: अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज, जखमा), ३ वर्षं. मेसालामाइन (आतड्याची सूज आवरणारी गोळी) चालू. सहा महिने रक्त नाही, आव नाही. सासूबाई म्हणतात, तिखटानं झालं होतं. गोळ्या सोड, ताक पी.

उत्तर: ताई, मीही सोडल्या होत्या. दोन महिन्यांत दिवसाला १२ वेळा संडास, हिमोग्लोबिन ७. मग स्टेरॉइड, तोंड भोपळ्यासारखं सुजलं. तिखटानं होत नाही हो, आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते. ताक सोसत असेल तर प्या खुशाल, गोळ्यांसोबत.

दुसरं उत्तर: माझं क्रोन्स, आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार. आधी टीबी समजून सहा महिने टीबीच्याच गोळ्या खाल्ल्या. आतड्यात दोन्ही सारखेच दिसतात म्हणे!

पहिलं उत्तर देणाराच पुन्हा: आजाराला ८ वर्षं झाली की कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी) टाळू नका, कॅन्सरसाठी बघतात. अंगदुखीला आयब्युप्रोफेन मनानं नको.

प्रश्नकर्ती: सासूबाईंना वाचून दाखवलं. ताकाचा तांब्या आलाच, शेजारी गोळीही.