ऑनलाइन व्यायामवर्ग सुटतो तो आपल्या आळसाने की त्यांच्या सेवेने?

दमलेली_जाऊबाई (धागाकर्ती):
मार्च २०२० मध्ये जिम बंद पडल्या आणि महाराष्ट्रात उघडल्या त्या थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. त्या सात महिन्यांत आम्ही दोघी जावा टीपॉय भिंतीला सरकवून मोबाइलसमोर व्यायाम करायला शिकलो. आजवर मी तीन ऑनलाइन वर्ग धरले, दोन सोडले. घरच्यांच्या मते मला चिकाटी नाही. मला हे मान्य नाही. पहिल्या वर्गात स्क्रीनवर साठ चौकोन, मॅडम आकडे मोजण्यात दंग. गुडघा दुखायला लागला म्हणून व्हॉट्सॲपवर विचारलं, तर उत्तर चौथ्या दिवशी आलं, तेही प्रोटीन पावडरच्या जाहिरातीसकट. आताच्या वर्गात बाराजणी आहोत. फी दुपटीहून जास्त, पण सर नाव घेऊन ओरडतात, "खांदे कानांना चिकटलेत!" दीड वर्ष झालं, टिकून आहे. आता सांगा, चिकाटी कुठून आली?

तांबडी_माती:
ताई, यूट्यूबवर सगळं फुकट आहे. ज्याला उठायचंय तो पाचला उठतो. आमच्या तालमीत कुणी 'कसं वाटतंय?' विचारायला येत नव्हतं, तरी पोरं पाचशे बैठका मारायची. हल्ली व्यायामालाही हॉटेलासारखी सरबराई लागते.

हाडवैद्य_नव्हे:
मी फिजिओथेरपिस्ट. सरबराई बाजूला ठेवा, पण नाव नोंदवताना रक्तदाब, काचबिंदू, पाठीचं दुखणं एवढं तरी विचारतात का? न विचारता सर्वांगासन करायला लावणारे वर्ग मी पाहिलेत. उलट्या आसनांत डोळ्यांतला दाब वाढतो. काचबिंदूच्या माणसाला ते महागात पडू शकतं. यूट्यूबही हे विचारत नाही, काका.

थंडीतली_जर्सी:
न्यू जर्सीहून. पुण्याच्या सकाळी सहाच्या वर्गाला इथे आदल्या रात्रीचे साडेआठ वाजतात, म्हणजे मुलं झोपली की मी मोकळी. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे जातात आणि तोच वर्ग साडेसातला, ऐन जेवणाच्या वेळी येतो. आमच्या बाईंनी परदेशातल्या आम्हा चौघींसाठी हिवाळ्यात वेगळी वेळ काढली. आधीच्या ठिकाणी 'रेकॉर्डिंग बघा' म्हणाले होते. तीन आठवडे बघितलं, मग नाही.

हप्ता_कापला:
सगळे शिकवण्याबद्दल बोलताय. मी तर आत शिरायच्या आधीच अडतो. 'पहिला महिना १ रुपया' आणि खाली ऑटोपे, म्हणजे पुढचे पैसे खात्यातून आपोआप कापले जाणार. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना यायला हवी. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत तर वर्गणी रद्द करणं मुद्दाम अवघड करण्याला 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणून मनाई आहे. तरी एका ॲपवर रद्द करायचं बटण मला सापडलं नाही, शेवटी बँकेच्या ॲपमधून मँडेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगीच, बंद केलं. बाहेर पडायचा दरवाजा आधी दिसला, तरच मी आत जातो.

तांबडी_माती:
पैसे कापण्याचं पटलं. तो सरळ दरोडा आहे. बाकी माझं मत तेच.

दमलेली_जाऊबाई:
काका, जोर चुकला की वस्ताद पाठीत धपाटा घालायचे ना? मी तोच धपाटा मागतेय, फक्त तोंडी.

तांबडी_माती:
घालायचे. पण वस्ताद फी घेत नसत.