व्हाइट वाइन सुचवा: नाशिककडची, एखाद्या कुटुंबाच्या बागेतली, परवडणारी

डोंबिवलीकर:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत. घरचीच माणसं, पिणारे सात-आठ. जेवणात अळूवडी, तळलेली सुरमई आणि कोळंबीचं झणझणीत कालवण. बाबांनी व्हाइट वाइन कधी घेतलेली नाही, त्यांना पहिली चव चांगली मिळावी असं फार वाटतं. एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या बागेतून केलेली असेल तर उत्तम. चार बाटल्या लागतील, म्हणून इंपोर्टेड नको.

द्राक्षवाला_निफाड:
निफाड तालुक्यात कुंदेवाडी आहे, तिथल्या पाटील कुटुंबाची रेव्हिलो ही वाइन घ्या. शेनिन ब्लांक दोन आणि ग्रिलो दोन. दोन्ही नावं द्राक्षाच्या जातींची.

ग्रिलो ही मूळची सिसिलीची जात. तिकडच्या उन्हात वाढलेली, त्यामुळे आपल्या उन्हालाही दबत नाही. पाटलांनी इटलीच्या जाती इथे लावायचं धाडस केलं, याचं मला शेतकरी म्हणून फार कौतुक आहे. माझी स्वतःची बाग खायच्या द्राक्षांची. आम्ही मणी फुगवण्यासाठी जिवाचं रान करतो, वाइनच्या बागेत मणी बारीकच हवा. वाइनचा घड हातात घेतला की एवढासा, गच्च. मणी तोंडात टाकला तर साल चिवट, आत बिया, पण गोडीमागून आंबटपणा असा येतो की जीभ जागी होते. व्हाइट वाइनचा सगळा जीव त्या आंबटपणात. निफाडची थंडी पेपरात तुम्ही दरवर्षी वाचताच. त्या थंड रात्रींमुळे तो टिकतो. म्हणून तोडणीही पहाटे, ऊन चढायच्या आत क्रेट आत गेले पाहिजेत.

खवय्यी:
शेनिनला माझंही मत. कालवण तिखट असेल तर किंचित गोडसर शेनिन तिखट सांभाळून घेते, अळूवडीतल्या चिंचगुळाशीही जमतं. सुरमईबरोबर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली हवी, तिथे ग्रिलो. लाकडी पिंपात मुरवलेली शारडोने मात्र या जेवणाला नको, तिखटाबरोबर ती कडवट लागते. आणि सोलकढी असेल तर ती जेवण झाल्यावर द्या. दोन आंबट एकमेकांना मारतात.

पुणेरी_पेला:
गंगापूर धरणाजवळची यॉर्क वायनरीही बघा. गुरनानी कुटुंबाने उभी केली, योगिता, रवी आणि कैलाश या तीन भावंडांच्या आद्याक्षरांवरून नाव. कैलाश ॲडलेडला वाइन शिकून आले. त्यांच्या शेनिनवर माझा जीव आहे. 2021 मध्ये सुला या मोठ्या वाइन कंपनीने ती वायनरी विकत घेतली, तेव्हा ‘कुटुंबाची’ ही तुमची अट आता तिथे बसत नाही, पण चवीसाठी सुचवतोय.

द्राक्षवाला_निफाड:
डोंबिवलीकर, एक राहिलं. बाटलीवरचं साल बघूनच घ्या. अशा वाइन ताज्या प्यायच्या, साल-दीड सालात. गेल्या उन्हाळ्यात मी एका दुकानातून घाईघाईत उचललेली बाटली तीन वर्षांपूर्वीची निघाली, ती पण काचेच्या कपाटात उन्हात ठेवलेली. ग्लासात ओतली तर फिक्या पिवळ्याऐवजी कोऱ्या चहाचा रंग, आणि कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास. पाहुण्यांसमोर ओतून द्यावी लागली. एवढी मेहनत घेऊन कोणी केलेली वाइन अशी मेलेली बघून मला रात्री जेवण गेलं नाही. दुकानदाराला आतल्या खोक्यातली काढून द्यायला सांगा.

डोंबिवलीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. थंड किती करायची?

खवय्यी:
फ्रीजमध्ये तीन तास, फ्रीझरमध्ये नको. ओतायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा, अगदी बर्फगार असली की वास कळत नाही. बाबांना पहिला घोट जेवणाआधी, नुसत्या अळूवडीबरोबर द्या.